रत्नव्वाचा रायाजी

कोल्हापुरात गूळ मार्केटच्या मागच्या गल्लीत रत्नव्वा राहायची. जिभेवर गुळाचा खडा ठेवून तो कुठल्या रानातल्या उसाचा, हे सांगणाऱ्या बाया त्या गल्लीत आणखीही होत्या. पण दिवेलागणीला उंबऱ्यावर बसून, समोर कुणी नसताना गालातल्या गालात हसणारी बाई एकच. नवरा गेल्यापासून जरा हललीय, असं लोक म्हणत. तसं काही नव्हतं. छपन्न वर्षांची रत्नव्वा एका माणसावर जीव लावून होती, आणि तो माणूस तिचा नवरा नव्हता.

लगेच भुवया उंचावू नका. माणूस पुस्तकातला होता. नाव रायाजी, नदीकाठच्या कुठल्याशा गावचा इनामदार, कमळजेचा नवरा. ‘कमळजा’ ही फार जुनी कादंबरी, आपल्या पणज्यांच्या वेळची. रत्नव्वाला अक्षर ओळखीचं नव्हतं, पण ती अख्खी कादंबरी तिनं कानानं वाचली होती. वाचून दाखवली होती तिच्या नवऱ्यानं, चन्नाप्पानं.

हे नाव मी घेतोय म्हणून इथं आलं. रत्नव्वानं ते जन्मात कधी तोंडावाटे काढलं नव्हतं. रेशनकार्डाच्या कचेरीत कारकुनानं तीनदा दरडावून विचारलं, तेव्हाही तिनं शेजारच्या झुंबरबाईला कोपरानं ढोसलं आणि नाव तिच्याकडून वदवलं. “नवरा तुजा आन् नाव मी घेऊ व्हय गं?” म्हणून झुंबरबाईनं पुढं वर्षभर तिला पिडलं.

चन्नाप्पा गुळव्या होता. काहिलीतला, म्हणजे रस आटवायच्या मोठ्या कढईतला, पाक नेमका कधी उतरवायचा हे ज्याला कळतं तो गुळव्या, बाकीचे नुसते हमाल. गडमुडशिंगीच्या शिवारात एका बागायतदाराच्या गुऱ्हाळावर तो दसऱ्यापासून होळीपर्यंत राबायचा. त्याची आई काहिलीखालच्या चुलवाणाच्या तोंडाशी बसून आत उसाची चिपाडं सारायची. सासूला रत्नव्वा कानडी रीतीनं अत्ती म्हणे. रत्नव्वा स्वतः चिपाडं उन्हात पसरायची, उलथायची, वाळली की ओढून आणायची. रसावरची मळी काढून झाली की पाक दाट होईपर्यंत तासभर गुळव्याला काहिलीकडं बघत बसण्यापलीकडं काम नसतं. त्या तासात चन्नाप्पा वाचायचा.

श्रावणात मठात पुराण वाचायचा मान त्याचा होता. त्यामुळं मांडी घालून, पुस्तक पाटावर ठेवून, मोठ्यानं, हेल काढून वाचायची त्याला सवय. कागलच्या बाजारात जुन्या पुस्तकांच्या ढिगात त्याला ‘कमळजा’ सापडली. ती त्यानं पुराणाच्याच लाल फडक्यात बांधून गुऱ्हाळावर आणली आणि पाटावर ठेवली. झालं! अत्तीनं लांबूनच हात जोडले. लाल फडकं, पाट आणि मुलाचा तो आवाज, म्हणजे पुराणच की! पुराणात इनामदार कुठनं आला, असा प्रश्न त्या माउलीला पडला नाही. ही नुसती गोष्ट आहे, असं चन्नाप्पानंही तिला कधी सांगितलं नाही.

रत्नव्वाला मात्र ठाऊक होतं. ती चिपाडांच्या ढिगाला टेकून बसायची. काहिलीतनं पांढरी गोड वाफ निघून छपराला लागायची, आणि त्या वाफेतनंच जणू कमळजेची वरात यायची. कमळजेचा आरसा, कमळजेचा घाट, रायाजीची पांढरी घोडी. वाफेमुळं वाचणारा धड दिसायचा नाही. धुरानं बसलेला, जाडाभरडा आवाज तेवढा यायचा. पुढं ती रायाजीची स्वप्नं बघू लागली, तर त्यातही रायाजीला तोंडवळा नसायचा. वाफ असायची आणि आवाज असायचा.

आता तिच्या मनातला सल सांगतो, कारण सगळी गोष्ट त्याच्याच भोवती फिरते.

लग्नाला आठ वर्षं झाली आणि पाळणा हलला नाही. अत्तीनं मुलाला दुसरी बायको करायचं मनावर घेतलं. मुरगूडची पोरगी बघितली, निरोप गेला, पावणं सोमवारी येणार म्हणून ठरलं. हे सगळं रत्नव्वाच्या समोर चाललेलं. ती रोज नवऱ्याच्या तोंडाकडं बघायची. आता बोलंल, मग बोलंल. चन्नाप्पा तोंडात मिठाची गुळणी धरून बसलेला. आईपुढं वर मान करून बोलणं त्याला बालपणापासून ठाऊक नव्हतं. बायकोजवळही तो अवाक्षर बोलला नाही.

नेमकी त्याच आठवड्यात कादंबरीतल्या कमळजेवर तीच वेळ आली. मूल नाही म्हणून सासूनं, म्हणजे आईसाहेबांनी, दुसरी सून आणायचं ठरवलं. रत्नव्वाच्या हातातलं चिपाड हातात राहिलं. आणि रायाजी उठला, आईसमोर उभा राहिला आणि म्हणाला, “आईसाहेब, दुसरी सून आणायची असेल तर आधी माझं पान उचला. ज्या घरात कमळजेचं पान नाही, तिथं माझंही नाही.” चन्नाप्पानं हे इतक्या मोठ्यानं वाचलं की बाहेर बांधलेले बैल बुजले.

त्या दिवशी काहील करपली. चन्नाप्पाच्या उभ्या हयातीत करपलेली ती एकच काहील. वाचायच्या नादात पाक हातचा गेला, काळा ठिक्कर गूळ निघाला, मालकानं चारचौघांत त्याचा उद्धार केला. दुसऱ्या दिवशी अत्तीनं मुरगूडकरांना निरोप धाडला, येऊ नका. गुऱ्हाळावर सगळे म्हणाले, गूळ करपला, अपशकुन झाला, म्हातारी भ्याली. रत्नव्वालाही तेच वाटलं. तिचा संसार वाचवला तो एका करपलेल्या काहिलीनं. नवऱ्यानं नव्हे.

तेव्हापासून रायाजी तिच्या मनात जाऊन बसला. नवरा वाईट नव्हता. दारू नाही, मारझोड नाही, हाताला गुळाचा वास आणि बोलणं मोजकं. पुढं त्यानं मेलेल्या भावाचं दहा वर्षांचं पोर, शशिधर, घरी आणलं आणि रत्नव्वाच्या ओटीत घातलं. तिनं त्याला वाढवलं, त्याचं लग्न केलं. पण भाकरी थापताना, चिपाडं ओढताना, ती मनात म्हणायची, पुरुष असावा तर रायाजीसारखा. आईसमोर उभा राहिला. आमचं हे म्हणजे गुळाची ढेप, ठेवलं तिथं ऱ्हातंय. चन्नाप्पा वारला तेव्हा ती रीतसर रडली, मनापासून रडली, तरी तो सल काही निघाला नाही. माझ्यासाठी ह्या माणसानं एकदा तरी तोंड उघडायला हवं होतं.

अठ्ठ्याण्णव साली टीव्हीवर ‘कमळजा’ लागली. दर बुधवारी संध्याकाळी साडेसातला. शशिधरची पोरगी शिवांजली तेव्हा कॉलेजात होती. तिनं पेपरातली जाहिरात वाचून दाखवली. रत्नव्वानं उठून तोंड धुतलं, ठेवणीतलं इरकली लुगडं नेसलं आणि दुपारी चारपासूनच टीव्हीसमोर बसली.

काय ती मालिका! नदीवर धुकं, धुक्यातनं पालखी, पालखीच्या पडद्याआडनं दोन डोळे. रत्नव्वाला ते धुकं बघताच काहिलीच्या वाफेचा वास आला. खरंच आला, तिनं पदर नाकाशी नेला. आरसा आला, घाट आला, पांढरी घोडी आली. जसं ऐकलं तसं, तिळभर फरक नाही. रायाजी तोंड उघडून बोलला तेव्हा मात्र ती जरा दचकली. दिसायला राजबिंडा गडी, पण आवाज चिरका. “ह्यो आवाज न्हवं,” ती पुटपुटली. शिवांजली म्हणाली, “आज्जी, पुस्तकाला आवाज कुठनं असणार?” रत्नव्वाला ते पटलं नाही. पण कुठला आवाज हवा होता, हेही तिला सांगता येईना.

गल्लीत तिचा भाव वधारला. बुधवारी सहा वाजल्यापासून बाया तिच्या सोप्यात गोळा व्हायच्या आणि ती पुढचं सांगायची. आज घोडी बिथरणार, आज आईसाहेब आरसा फोडणार. साडेसातला तसंच घडायचं. झुंबरबाई म्हणायची, “रत्नव्वा, तू टीव्हीवाल्यांच्या घरी जेवाय जातीस काय गं?” रत्नव्वा हसायची. रात्री अंथरुणावर पडलं की तिला आपण परत चोवीस वर्षांच्या झालो असं वाटायचं. पाठीला चिपाडांचा ढीग टोचायचा.

नवव्या बुधवारी तिनं सकाळपासूनच जाहीर केलं, “आज चुकवू नगासा. आज रायाजी बोलतोय.” तिनं ते बोल जसेच्या तसे म्हणून दाखवले, हात वर करून. भाजी मार्केटातल्या चार जास्तीच्या बाया आल्या. सोप्यात पाय ठेवायला जागा नव्हती.

साडेसात वाजले. आईसाहेब म्हणाल्या, दुसरी सून आणायची. रायाजी उठला. रत्नव्वा पुढं सरकली. रायाजीनं आईकडं बघितलं, कमळजेकडं बघितलं, मान खाली घातली आणि चिरक्या आवाजात म्हणाला, “आपली आज्ञा, आईसाहेब.”

बायांतलं कुणीतरी फिसकन हसलं आणि सगळ्याच हसल्या. झुंबरबाई म्हणाली, “पान उचला म्हणणार हुता न्हवं गं तुजा रायाजी? ह्यो तर बाशिंग बांधाय निघाला!”

“टीव्हीवाल्यांनी मोडलं!” रत्नव्वा ओरडली. “असं न्हाय ते! मी ऐकलंय, ह्या कानांनी ऐकलंय!”

दुसऱ्या दिवशी तिनं शिवांजलीला कागद-पेन घेऊन बसवलं आणि टीव्ही केंद्राला पत्र सांगायला सुरुवात केली. तुमाला लाज वाटाय पायजे, इथपासून. शिवांजलीनं चार ओळी लिहिल्या आणि थांबली. “आज्जी, असं लिहायचं तर पुस्तकातला उतारा दिला पाहिजे. कुठलं पान, कुठली ओळ. नुसतं ओरडून कोण ऐकतंय? पुस्तक हाय की ट्रंकेत.”

ट्रंकेतलं लाल फडकं चन्नाप्पा गेल्यापासून सुटलं नव्हतं. रत्नव्वानंच ते सोडलं. पुस्तकाच्या पुठ्ठ्यावर विभूतीची तीन बोटं उमटलेली होती, राखाडी, अजून पुसली न गेलेली. पानापानाच्या कोपऱ्यावर तपकिरी अंगठा. गुळाचे हात, दुसरं काय! शिवांजलीनं पानं चाळली. आरसा, घाट, घोडी. मग तिला आईसाहेब सापडल्या, आणि ती मनात वाचायला लागली.

“मोठ्यानं वाच.”

शिवांजलीनं वाचलं. रायाजीनं मान खाली घातली आणि तो म्हणाला, आपली आज्ञा, आईसाहेब.

“म्होरं वाच. म्होरं आसंल.”

पुढं नव्हतं. पुढं दुसरं लग्न होतं, दुसरीला मूल होतं, आणि शेवटच्या पानावर कमळजा घाटाच्या पायऱ्या उतरून नदीत गेली होती. शिवांजलीनं दोन दिवस अख्खं पुस्तक धुंडाळलं. पान उचला, हे शब्द त्यात कुठंच नव्हते.

रत्नव्वा त्या दिवशी जेवली नाही. एका फटक्यात तिचं दोन्हीकडचं गेलं होतं. रायाजी मान खाली घालणारा निघाला, आणि नवरा खोटं वाचणारा. भिंतीवरच्या फोटोसमोर उभी राहून ती म्हणाली, “अवो, मी अडाणी म्हणून मला कायबी वाचून दावलंसा व्हय? बत्तीस वर्सं मी त्येच्यावर जगली की वो!” फोटोतला चन्नाप्पा नेहमीसारखाच गप्प होता. तिला त्याचा इतका राग आला की तिनं त्या दिवशी फोटोला फूल घातलं नाही.

तिसऱ्या दिवशी शिवांजली पुस्तक घेऊन तिच्याशेजारी येऊन बसली. “आज्जी, एक सांगू? आजोबांनी शेवटपर्यंत वाचलं होतं. हे बघ, शेवटच्या पानावरबी अंगठा हाय. त्यांना सगळं ठावं होतं. आणि हे पान बघ, आज्ञा म्हणतोय ते. बाकीच्या पानांवर एकेक अंगठा, हितं धा-बारा. किती वेळ हात ठेवून बसले असतील.”

रत्नव्वानं पुस्तक मांडीवर घेतलं. त्या पानाचा कोपरा नखानं खरवडून तिनं बोट जिभेला लावलं. एवढ्या वर्षांनी त्याला कसली चव असणार? जीभ कडवटली. जळकट. तिच्या जिभेनं आजवर खोटं सांगितलेलं नव्हतं. हा करपलेल्या काहिलीचा गूळ होता; काळा गूळ उपसून झाल्यावरही तो ह्याच पानाशी येऊन बसला होता.

ती बसल्या जागी हरवली. छप्पर आलं, वाफ आली. शुक्रवार होता, सोमवारी मुरगूडकर येणार होते. ती चिपाडांच्या ढिगाला टेकलेली. चुलवाणाच्या तोंडाशी अत्ती, आणि चन्नाप्पा पाटासमोर. रोज तो तिच्याकडं तोंड करून बसायचा. त्या दिवशी पाट फिरवलेला होता. तो चुलवाणाकडं तोंड करून बसला होता. वाचता वाचता तो थांबला, बराच वेळ थांबला, आणि मग ते पान उचलायचे बोल आले. मध्ये पान उलटल्याची सळसळ मात्र झाली नव्हती. काहिलीत पाक तडतडत होता आणि कुणी तिकडं बघत नव्हतं. ज्या गुळव्याला झोपेतही पाकाचा वास कळायचा, त्याला नाकाशी जळणारा पाक कळला नाही, तो काय वाचायच्या नादात?

दुसऱ्या दिवशी पहाटे अत्तीनं आंघोळ करून पुस्तकाला विभूतीची तीन बोटं लावली होती, कान धरले होते. आजच का, असं रत्नव्वाला तेव्हा वाटलं होतं खरं, पण विचारायची सोय नव्हती. पुढं म्हातारपणी, कुणाच्या घरात दुसऱ्या बायकोची भाषा निघाली की अत्ती फणकारायची, “आदी पोराचं पान उचला म्हणावं. पुराणात हाय त्ये.” सगळ्यांनी ते म्हातारीचं बडबडणं समजून सोडून दिलं.

पुराणात हाय त्ये. आईसमोर ज्याला बोलता येत नव्हतं, त्यानं ते पुराणात घातलं होतं. आई त्याचं ऐकणार नव्हती, पण लाल फडक्यातल्या पोथीचं ऐकणार होती. आणि नंतर, पुढचे पंधरा दिवस, शेवटचं पान येईपर्यंत त्यानं रोज पाटासमोर बसून नसलेलं वाचलं. त्याच्या वाचनात कमळजा नदीत गेली नाही. रायाजीनं तिला नावेत घालून पल्याड नेलं, तिथं दोघांनी भावाचं पोर वाढवलं. शशिधर घरी यायच्या आधी दोन वर्षं.

“मला का न्हाई सांगितलंसा?” रत्नव्वानं फोटोला विचारलं. मग तिचं तिलाच हसू आलं आणि हसता हसता रडू फुटलं. सांगणाऱ्यातला माणूस असता तर पुस्तक कशाला लागलं असतं? ज्या आवाजावर ती बत्तीस वर्षं जीव टाकत होती, तो रोज तिच्याशेजारी बसून भाकरी खात होता, आणि ती त्याला मनात गुळाची ढेप म्हणत होती. ह्याचं तिला फार वाईट वाटलं. अजूनही वाईट वाटायचं राहिलं नाही.

शेवटच्या बुधवारी बाया आल्या त्या रुमाल घेऊनच. नदीवर धुकं होतं. कमळजा एकेक पायरी उतरत होती. पाणी घोट्याला लागलं, गुडघ्याला लागलं, मग धुकंच उरलं. झुंबरबाई मुसमुसत होती. रत्नव्वा मात्र भिंतीला टेकून, मांडीवर लाल फडकं घेऊन शांत बसली होती.

“तुज्या ऐकण्यात काय झालं हुतं गं हितं?” झुंबरबाईनं विचारलं. ह्या वेळी आवाजात चेष्टा नव्हती.

“न्हाय गेली ती पान्यात. त्यानं आईला सांगितलं, आदी माझं पान उचला. मग दोगं नावेत बसली आन् पल्याड गेली.”

“पर पुस्तकात तसं न्हाय म्हणं. शिवांजली सांगत हुती.”

“पुस्तकात न्हाय.”

“मग?” झुंबरबाईनं नाक पुसलं. “आईच्या तोंडावर असं कुटला पुरुस बोलतोय गं, रत्नव्वा? गोष्टीतबी बोलंना झालेत. खरा कोन बोलला आसंल तर नाव सांग बघू त्याचं.”

रत्नव्वानं पदर डोक्यावरून नीट घेतला. तिच्या गालांवर लाली आली, नवी नवरी उखाणा घ्यायला उठते तशी. शिवांजलीनं टीव्ही बारीक केला.

“चन्नाप्पा,” ती म्हणाली. आणि मग, सवय नसल्यामुळं जरा अडखळत, पुन्हा एकदा म्हणाली, “चन्नाप्पा.”